जखमेनंतरची वर्षे : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

हा विषय अभ्यासाला येण्याआधी त्यातली माणसं जगावी लागली. लढाईत कण्याला गोळी लागून कमरेखाली लुळा पडलेला सैनिक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इतिहासाचा, समाजशास्त्राचा किंवा सिनेमाचा विषय होऊच शकत नव्हता, कारण तो फार दिवस राहतच नसे. एडविन स्मिथ पपायरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन इजिप्तच्या वैद्यकीय लेखात, मान मोडून हातपाय गेलेल्या रोग्याबद्दल वैद्याला स्पष्ट सांगितलं आहे : यावर उपचार करण्यात अर्थ नाही. पुढची साडेतीन हजार वर्षं या सल्ल्यात फारसा बदल करावा लागला नाही. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जू दुखावलेल्या सैनिकांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांत गेले. ते गोळीने गेले नाहीत. माकडहाडावर, नितंबांवर, टाचांवर पडलेल्या जखमा चिघळून आणि तुंबलेल्या लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढून गेले.

इथेच एक समजूत बदलून घ्यावी लागते. आपण म्हणतो, ‘त्याचे पाय गेले.’ पाय जाणं हा या दुखण्याचा सगळ्यात ठळक भाग आहे, सगळ्यात घातक नाही. मज्जारज्जू जिथे तुटतो किंवा चेंगरतो, तिथून खाली मेंदूचे निरोप पोचत नाहीत आणि खालचे निरोप वर येत नाहीत. हालचाल थांबते तशी संवेदनाही थांबते. तुम्ही-आम्ही झोपेत रात्रभरात कितीतरी वेळा कूस बदलतो, कारण दबलेलं अंग आपल्याला छळून उठवतं. या माणसाला त्याचं अंग काही सांगत नाही. एकाच बाजूवर दोन-तीन तास पडून राहिला की हाडावरचं मांस आतून मरायला लागतं. वरून दिसतो तो फक्त एक लाल डाग. मूत्राशय भरल्याचं कळत नाही, आणि कळलं तरी रिकामं करता येत नाही. शौचाचंही तेच. पाय स्वतःहून हलवता येत नाहीत, पण ते आपण होऊन झटके देतात, आणि घरच्यांना वाटतं पायांत जीव येतोय. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल तर लघवीची नळी नुसती मुडपली तरी रक्तदाब एकदम चढतो, डोकं फुटेल असं दुखतं, आणि कारण वेळेत लक्षात आलं नाही तर जिवावर बेततं. पुढे या क्षेत्रात जे काही वाचाल, मग तो सिनेमा असो, पेन्शनचा नियम असो की आत्मचरित्र, त्याच्या बुडाशी हा दिनक्रम आहे. तो ठाऊक नसताना केलेलं विवेचन हवेत राहतं.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या जखमींसाठी वेगळा विभाग उघडला. ब्रेस्लाऊचे हे ज्यू मेंदूशल्यचिकित्सक १९३९ मध्ये नाझी जर्मनी सोडून आलेले होते. त्यांनी कोणतं नवं औषध शोधलं नाही, कोणती नवी शस्त्रक्रिया केली नाही. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रोग्याची कूस बदलायची. मूत्राशय काटेकोर स्वच्छता पाळून रिकामं करायचं. आणि माणसाला नुसतं पडू द्यायचं नाही. कामाला लावायचं, खेळायला लावायचं. पेनिसिलिन त्याच सुमारास हाताशी आलं होतं, त्याचा आधार मोठा होता. तरी मुख्य होती ती शिस्त. रात्री-अपरात्री वॉर्डात येऊन कूस खरंच बदलली जातेय की नाही हे गुटमन स्वतः पाहत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी इस्पितळाच्या हिरवळीवर १६ रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. त्या खेळांचं १९६० मध्ये रोममध्ये जे मोठं रूप झालं त्याला आज आपण पहिलं पॅरालिम्पिक म्हणतो. अमेरिकेत बॉस्टनचे डोनाल्ड मन्रो यांनी १९३० च्या दशकातच याच दिशेने काम सुरू केलं होतं. परिणाम असा की दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कण्याची जखम झालेले सैनिक इतिहासात पहिल्यांदाच मोठ्या संख्येने घरी जायच्या वाटेवर होते, आणि घरांना ते कसे घ्यायचे हे माहीत नव्हतं.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने पहिल्यांदा काय वाचावं असं कुणी विचारलं तर मी सांगतो, आधी वाचू नका, ‘द मेन’ पाहा. १९५० चा हा कृष्णधवल अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन, निर्माता स्टॅनली क्रेमर, पटकथा कार्ल फोरमन यांची. मार्लन ब्रँडोचा हा पहिला चित्रपट, आणि बहुतेक लोक त्याचं नाव एवढ्यासाठीच घेतात. त्याचं खरं महत्त्व दुसरीकडे आहे. लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नाइस इथे बर्मिंगहॅम नावाचं माजी सैनिकांचं इस्पितळ होतं. चित्रपटाचा जीव त्या वॉर्डात आहे. ब्रँडो काही आठवडे तिथल्या रुग्णांमध्ये पलंग टाकून राहिला, व्हीलचेअरवरूनच फिरला. आणि तिथले ४५ रुग्ण चित्रपटात आहेत, स्वतः होते तसेच. एंजेल या पात्राची बऱ्यापैकी मोठी भूमिका करणारा आर्थर हुराडो हाही कमरेखाली लुळा झालेला माजी सैनिकच होता. चित्रपट दुसऱ्यांदा बघाल तेव्हा ब्रँडोकडे दुर्लक्ष करून मागच्या पलंगांकडे बघा. पलंगावरून खुर्चीत जाताना एक हात कुठे टेकतो, वजन कधी टाकलं जातं, लुळा पाय दुसऱ्या हाताने कसा उचलून ठेवला जातो, हे नटाला शिकवून येत नाही.

कथा थोडक्यात अशी. युद्धाच्या अखेरीस लेफ्टनंट बड विलोचेकला पाठीत गोळी लागते. पुढे तो इस्पितळात, स्वतःला इतरांपासून तोडून, भिंतीकडे तोंड करून पडलेला. एलन ही त्याची वाग्दत्त वधू, तिला तो भेटायला तयार नाही. डॉक्टर ब्रॉक त्याला सार्वजनिक वॉर्डात हलवतात, म्हणजे समदुःखी लोकांच्या टोमण्यांत आणि थट्टेत. तिथे तो हळूहळू माणसांत येतो. दंड कमावतो, खुर्ची चालवायला शिकतो, एलनशी बोलतो, लग्न ठरतं. लग्नाच्या वेळी उभं राहायचा हट्ट करतो. आणि पहिल्याच रात्री नव्या घरात दोघांचं भांडण होऊन तो इस्पितळात परततो. दारू पिऊन गाडी आपटतो. मग रुग्णांचीच संघटना बसून ठरवते, याला इथे ठेवायचं नाही, घरी पाठवा. शेवटी तो एलनच्या दारात जातो. पायरीपाशी ती विचारते, मदत करू का, आणि तो हो म्हणतो. एवढंच.

मला यातली दोन ठिकाणं अभ्यासाच्या दृष्टीने फार मोलाची वाटतात. पहिलं सुरुवातीलाच येतं. डॉक्टर ब्रॉक रुग्णांच्या बायका, आया, वाग्दत्त वधू यांना एका खोलीत बसवून फळ्यापाशी उभे राहून सगळं सांगतात : तुटलेला मज्जारज्जू जुळत नाही, मूत्राशयाचं असं होतं, जखमांचं असं होतं. बायका प्रश्न विचारतात. मूल होईल का, हाही प्रश्न येतो. १९५० मध्ये हॉलीवूडच्या पडद्यावर हे बोललं गेलं ही मोठीच गोष्ट. आपल्याकडे आजही कित्येक ठिकाणी रुग्णाला घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी मिळते, आणि हे बोलणं कुणीच करत नाही. नवरा-बायकोच्या नात्याचं काय, हे विचारायला कुणाला तोंड नसतं आणि सांगायला कुणाला वेळ नसतो. (ब्रॉकची भूमिका बर्मिंगहॅमच्याच डॉ. अर्नेस्ट बोर्स यांच्यावरून घेतली आहे. मूत्राशयाच्या उपचारांत त्यांचं नाव आजही घेतात.)

दुसरं ठिकाण एंजेलचं. वॉर्डातला सगळ्यात उमेदीचा, सगळ्यात मेहनती माणूस. आई आणि भावंडांसाठी घर घ्यायचं म्हणून पैसे साठवतोय. बडला जे काही जमतं ते याला पाहून पाहूनच. आणि हाच अचानक आजारी पडतो आणि मरतो. पटकथाकाराला इथे सोपं होतं की जिद्द ठेवणारा जगतो आणि खचलेला मरतो असं दाखवावं. फोरमनने ते केलं नाही. वीरकथेच्या आपल्या जुन्या सवयीला हा प्रसंग जाचतो, आणि जाचावा. मज्जारज्जूची जखम चारित्र्याची परीक्षा घेत नाही; ती रोज सकाळ-संध्याकाळ काळजी मागते, आणि काळजी घेऊनही कधी कधी हरवते.

चित्रपटात उणिवा आहेतच. डॉक्टर सर्वज्ञ आहे. एलन जवळजवळ पूर्णपणे बडच्या बरं होण्यासाठी अस्तित्वात आहे. तिच्या रात्री कशा जातात हे आपल्याला दिसत नाही. आणि पैशाची चिंता जवळपास नाही. कारण १९४८ मध्येच अमेरिकेने अशा सैनिकांना घरात फेरबदल करून घेण्यासाठी अनुदानाचा कायदा केला होता, नुसत्या हातांनी चालवता येतील अशा मोटारी त्यांच्याकडे होत्या. बडचं दुःख हे पेन्शन असलेल्या माणसाचं दुःख आहे. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. चित्रपटाचं नशीबही बघा : २५ जून १९५० ला कोरियात नवं युद्ध पेटलं आणि जुलैत हा न्यूयॉर्कमध्ये लागला. नव्या लढाईच्या तोंडावर आधीच्या लढाईचा वॉर्ड पाहायला फारसं कुणी गेलं नाही. त्याच्या आधीचा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ (१९४६) आणि नंतरचे ‘कमिंग होम’ (१९७८) व ‘बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै’ (१९८९) हे ओळीने पाहिले की युद्धाबद्दलचं मत दर पिढीला कसं बदललं ते कळतं. वॉर्डाचा अभ्यास मात्र ‘द मेन’मध्येच.

आता आपल्याकडे. वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात बसून हे लिहिताना मला सगळ्यात जवळचं खरं उदाहरण दिसतं ते पुण्याच्या खडकीत, आणि गंमत म्हणजे तिथे या इतिहासाचे दोन्ही टप्पे एकाच गावात आहेत. पहिला, क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांना धंदेशिक्षण द्यायला १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही संस्था पुढे खडकीला आली. मराठा पलटणी त्या युद्धात मेसोपोटेमियात होत्या, कूटच्या वेढ्यात अडकल्या होत्या. संस्थेत आलेले शिकाऊ प्रामुख्याने हात किंवा पाय गमावलेले होते. कण्याची जखम झालेले तिथे का नव्हते याचं उत्तर वर येऊन गेलं आहे. दुसरा टप्पा १९७४ चा, पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. कमरेखाली किंवा मानेखाली लुळे झालेले जवान इथे राहतात. काही थोडे दिवस, काही आयुष्यभर. १९१७ ची आणि १९७४ ची, या दोन संस्थांमधलं अंतर म्हणजेच या वैद्यकशास्त्राचा इतिहास.

खडकीच्या सेंटरबद्दल बाहेरच्यांची एक ठाम समजूत असते की इथले सगळे लढाईत गोळी लागलेले. तसं नाही. रस्ते अपघात, उंचावरून पडणं, प्रशिक्षणातली दुर्घटना, सुट्टीवर गावी आलेला असताना झालेला अपघात, अशीही कारणं असतात. कातडीला किंवा मूत्राशयाला कारणाने काही फरक पडत नाही. कागदाला पडतो. लढाईतली जखम, सेवेमुळे झालेली दुखापत आणि सेवेशी संबंध नसलेली दुखापत अशा वर्गवाऱ्यांवर पेन्शनचं सगळं गणित उभं असतं. शंभर टक्के अपंगत्व असेल तर सतत सोबत लागणाऱ्या माणसासाठी वेगळा भत्ता असतो. २०२२ च्या अग्निपथ योजनेने यात नवा विभाग जोडला. चार वर्षांच्या सेवेत, सेवेमुळे अपंगत्व आलं तर १००, ७५ किंवा ५० टक्के या प्रमाणात अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख रुपये एकरकमी, असं योजना जाहीर करताना सांगितलं गेलं. एकविसाव्या वर्षी व्हीलचेअरवर आलेल्या मुलाला एकरकमी रक्कम आणि आयुष्यभराची पेन्शन यांत काय फरक पडतो, हा प्रश्न आमच्या भागात पुस्तकी नाही. पहाटे रस्त्याने १६०० मीटरचा सराव करत भरतीची तयारी करणारी पोरं इथल्या कुठल्याही गावात दिसतात. या विषयाचे खरे वाचक तीच आहेत, त्यांच्या आई-वडिलांसकट.

मराठी माणसाला या क्षेत्रातलं एक नाव आता ठाऊक झालं आहे : मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्याच्या ईएमई दलात जवान, बॉक्सिंग खेळणारे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यात राहिली. उपचारांत पाण्यात उतरवलं गेलं आणि ते पोहू लागले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेची मदत झाली. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवलं. वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण अभिनव बिंद्राला मिळालं त्याच्या ३६ वर्षं आधी. नंतर पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि २०२४ मध्ये कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ आला.

तो चित्रपट मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा एकाच गोष्टीने चुकचुकलो. पदकाकडे जाणारी गोष्ट सांगायची म्हटलं की इस्पितळातली वर्षं ही पायरी ठरतात, वर चढायची. चित्रपटाचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. त्याला ती गोष्ट सांगायची होती आणि त्याने ती रंगवून सांगितली. पण अभ्यासकाने पेटकरांच्या आयुष्याचा हिशेब मांडावा : ३७ सेकंद पोहणं, आणि अर्ध्या शतकाहून जास्त नोकरी, घर, संसार, प्रवास, कातडी सांभाळणं. पदकाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. टेल्कोच्या वर्षांबद्दल किती? तिथे ते कसे जात-येत, दुपारी काय करत, संडासाची सोय काय होती? ‘द मेन’ने जो प्रश्न १९५० मध्ये विचारला, आता पुढे काय, त्याचं मराठीतलं सगळ्यात पूर्ण उत्तर या माणसाच्या रोजच्या आयुष्यात आहे, आणि ते आपण विचारलेलं नाही.

त्याच १९७२ साली आणखी एक गोष्ट घडली जिचा सत्कार कुठेही झाला नाही. मिशिगन विद्यापीठाचे जॅक लॅपिडिस यांनी असं मांडलं की मूत्राशय रिकामं करायला कायम नळी आत ठेवायची गरज नाही, आणि निर्जंतुक खोलीचीही नाही. हात साबणाने धुवून, स्वच्छ नळी दर काही तासांनी स्वतः घालून लघवी काढता येते; मूत्राशय ताणलं जात नाही आणि संसर्ग कमी होतो. म्हणजे हे काम परिचारिकेच्या हातून रुग्णाच्या हातात आलं. घरात, शेतात, लग्नाला गेल्यावर, कुठेही. माझ्या मते खेड्यातल्या रुग्णासाठी हे त्या वर्षातल्या कोणत्याही पदकाहून मोठं आहे, आणि हे वाक्य पेटकर वाचतील तर रागावणार नाहीत असं मला वाटतं.

सैनिकांपुरतंच हे क्षेत्र धरून चालणार नाही. लष्कराने वाट काढली, पण त्या वाटेने चालणारे बहुसंख्य नागरी आहेत. जगभरात मज्जारज्जूची दुखापत घेऊन जगणारे दीड कोटींहून जास्त लोक आहेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुंबईत हाजी अलीला १९५५ मध्ये पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ मध्ये मोटार अपघातात स्वतः कमरेखाली लुळ्या झाल्या. खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांच्या शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचं शिक्षण घेतलं आणि १९६६ मध्ये वेल्लोरला संस्था उभी राहिली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक शाळकरी वयात व्हीलचेअरवर आल्या, १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. त्यांचं आत्मकथन ‘चाकाची खुर्ची’ मराठीत आहे आणि या विषयाच्या कोणत्याही यादीत ते माझ्या दृष्टीने ‘द मेन’च्या शेजारी बसतं. चित्रपटात एलनची बाजू जिथे कोरी राहते तिथे या पुस्तकात बाई स्वतः बोलते, आणि तीही रुग्णाची जबाबदारी पेलणारी म्हणून नव्हे, स्वतःच्या शरीराबद्दल.

आसेगावसारख्या गावाचा या अभ्यासाशी संबंध तीन ठिकाणी येतो. पहिलं ठिकाण म्हणजे दुखापत झाल्याबरोबरचा अर्धा तास. झाडावरून, विहिरीत, छपरावरून, भरल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून माणूस पडतो. लोक धावतात, काखेत आणि गुडघ्यांत हात घालून त्याला उचलतात, दुमडून जीपच्या मागच्या सीटवर घालतात. मणका आधीच मोडलेला असतो. मज्जारज्जू त्या दुमडण्यात चेंगरू शकतो. दार काढून किंवा फळी आणून, तीन-चार जणांनी डोकं, खांदे, कंबर, पाय एका सरळ रेषेत धरून एकाच वेळी त्याला सरकवणं, मानेच्या दोन्ही बाजूंना घडी केलेलं धोतर किंवा टॉवेल लावणं, हे कुणालाही शिकवता येतं. अकोल्याला किंवा नागपूरला पोचेपर्यंतचा सगळा रस्ता त्यावर अवलंबून असतो.

दुसरं ठिकाण घराचं. काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्याचं पाणी शिरू नये म्हणून जोतं उंच बांधतात. दीड-दोन फूट सहज. व्हीलचेअर स्वतः ढकलत चढता येईल असा उतार साधारण एकास बारा असावा लागतो. म्हणजे दीड फूट जोत्याला अठरा फूट लांब उतार. किती घरांपुढे अठरा फूट मोकळी जागा आहे? बहुतेक ठिकाणी चार फुटांची सिमेंटची घसरगुंडी ओतलेली दिसते, ज्यावरून माणूस चढत नाही, दुसऱ्याने ढकलावा लागतो. मग न्हाणीचं दार. खुर्ची जायला दाराला सव्वादोन-अडीच फुटांची मोकळी रुंदी तरी हवी. न्हाणीची आणि संडासाची दारं त्याहून अरुंद. मग जून-जुलै. पुढची छोटी चाकं काळ्या चिखलात रुतली की खुर्ची तिथेच. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण ठेवलं. सोयाबीनच्या वावराच्या बांधापर्यंत खुर्ची कशी न्यावी हे त्यात नाही, आणि कायद्यात ते असावं असं मी म्हणत नाही. पण कुणीतरी ते काढून बघितलं पाहिजे, रुंद टायर लावून, तीन चाकं करून, बैलबंडीला जोडून.

तिसरं ठिकाण बाईचं. कूस बदलणारी, नळी धुणारी, पेन्शनचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या किंवा तहसीलच्या खिडकीपुढे उभी राहणारी. आपल्या साहित्यात सैनिकाच्या विधवेला जागा आहे, तिच्या नावाने समारंभ होतात. ज्याचा जीव वाचला त्याच्या बायकोला तशी जागा नाही. नवरा समोर आहे, म्हणून तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. आणि ती स्वतः बोलली तर कुरकुर ठरते. या क्षेत्रात मराठीत पहिलं मोलाचं काम व्हायचं असेल तर ते माझ्या मते तिच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींचं असेल.

हे काम कुठल्या एका विभागाचं नाही. डॉक्टरला पेन्शनचे नियम वाचावे लागतील, सिनेमाच्या अभ्यासकाला बेडसोर कसा दिसतो हे माहीत असावं लागेल, सिव्हिल इंजिनियरला लाजिरवाणे प्रश्न विचारावे लागतील. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुनी सैनिकी कागदपत्रं उघडताना हे लक्षात ठेवावं लागेल की नोंद नसणं हीही नोंद असते : १९१७ च्या संस्थेत कण्याचे जखमी न दिसणं यासारखी. भूमिती, शरीरशास्त्र, लष्करी इतिहास, स्त्री-अभ्यास आणि थोडं सुतारकाम असं हे मिश्रण आहे. ज्याला एकच विषय घट्ट धरून बसायचं आहे त्याला इथे करमणार नाही. बाकी सगळ्यांना जागा आहे, आणि काम इतकं पडलं आहे की बारावी झालेली मुलगीही पहिल्या महिन्यात काहीतरी नवं नोंदवू शकेल.

प्रत्यक्ष घरी जाऊन बोलायला निघाल तेव्हा एक साधी गोष्ट पाळा. सकाळी जाऊ नका. शौच, अंघोळ, कातडीची तपासणी, कपडे यात दीड-दोन तास जातात, आणि त्या वेळात आलेला पाहुणा कितीही भला असला तरी नको असतो. आधी फोन करा, अकरानंतरची वेळ मागा. समोर उभं राहून बोलू नका. खुर्चीतल्या माणसाला मान वर करून बोलावं लागतं, तर तुम्हीच चटईवर किंवा स्टुलावर बसा. त्याच्या बायकोशी किंवा आईशी वेगळं बोलायचं असेल तर ते त्याच्यासमोरच विचारा. आणि व्हीलचेअरच्या हँडलला हात लावण्याआधी परवानगी घ्या, जोत्यावरून खाली घ्यायला मदत लागतेय असं तुम्हाला अगदी स्पष्ट दिसत असलं तरी.